पदरावरचं बदक

भेस्तान, सुरत
गुरुवार, ता. २२ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. प्रमिलाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे श्रीरंगचा, दोन्ही हात जोडून आणि या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून नमस्कार. आधी एक काम कर. हे पत्र घेऊन जे गृहस्थ तुझ्या दारात उभे आहेत ते सुकदेवआप्पा, आमच्या मिलचे शिपाई, मूळचे दोंडाईच्याचे. गावी निघाले होते, तसेच पुढं अमळनेरला तुझ्याकडं जाऊन या असं मी त्यांना विनवलं. त्यांना आत बोलव, खुर्ची दे (गुडघ्यांचं त्यांचंही तुझ्यासारखंच आहे), चहा दे, आणि पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर काही झालं तरी जाऊ देऊ नकोस. का ते पुढं कळेल. मध्येच ते स्वतःहून काही सांगायला लागले तर ऐकू नकोस, त्यांना वाढवून सांगायची सवय आहे.

तर तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळून घेतेस की नुसतीच बाटली जपून ठेवलीस? दाजींनी विडी सोडल्याचं ऐकून फार बरं वाटलं (सुटली नसेल तर हे वाक्य त्यांना दाखवू नकोस). आमच्याकडे सुषमा बरी आहे. रोहित दहावीला आहे आणि आता आईशी गुजरातीतच भांडतो, कारण त्या भाषेत तिला उत्तर लवकर सुचत नाही. आणि हो, भाऊबीजेला मी तुला दिलेली ती साडी, हळदी रंगावर निळी बदकं असलेली, ती नेसलीस का गं? घडी मोडली नसशील तर घाई करू नकोस. उन्हाळा येतोय, घामानं रंग उतरतो. रिंग रोडच्या मार्केटात दोन तास दुकानं पालथी घालून तुझ्यासाठी ती निवडली होती हे मी तेव्हा सांगितलंच होतं. सहज आठवलं म्हणून विचारलं.

ताई, तुला सुधाकर आठवतो का? शहाद्याचा, दाजींच्या आतेभावाच्या शेजारचा, भांग पाडलेला. नऊ वर्षांपूर्वी पत्र्याची ट्रंक घेऊन तो सुरतेला आला तेव्हा त्याला स्टेशनवर घ्यायला कोण गेलं? मी. मिलमध्ये चिकटवला कोणी? मी. ‘माणूस आपला आहे’ म्हणून शेठला शब्द कोणी दिला? तोही मीच. पहिले दोन महिने तो जेवायला आमच्याकडं होता, आणि रोज सुषमाच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन म्हणायचा की वहिनी, अशी भाकरी आमच्या शहाद्यातसुद्धा होत नाही. (ते वाक्य ती अजून काढते. एकोणीस वर्षांच्या संसारात मी असं काही बोलल्याचं तिला आठवत नाही म्हणे.) आज तो फोल्डिंग खात्याचा हेड आहे आणि मी ग्रे खात्याचा. ग्रे म्हणजे कोरं कापड. रंगायला-छापायला येतं ते आधी माझ्या खात्यात उतरतं, आणि छापून, घड्या होऊन बाहेर पडतं ते त्याच्या खात्यातून. कापड तेच! माझ्याकडं असतं तेव्हा त्याला कुत्रं विचारत नाही, आणि त्याच्याकडं गेलं की शेठ स्वतः येऊन त्याच्यावरून हात फिरवतात.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. स्वेटर मात्र सहन झाला नाही. आमच्या मिलमध्ये गेल्या वर्षी काचेची एक खोली केली, त्यात एक मोठा कॉम्प्युटर बसवला आणि त्याला तीन स्क्रीन जोडले. कॉम्प्युटरला उकडतं म्हणून त्या खोलीत एसी आहे. (माणसांना उकडत नाही असा शेठचा समज आहे. माझं टेबल बॉयलरच्या भिंतीला लागून आहे. भर जानेवारीत माझ्या बनियनचं पाणी पिळून काढावं लागतं.) चपला बाहेर काढून, पाय पुसून देवळात गेल्यासारखं आत जायचं. तर सुधाकर एके दिवशी तिथं स्वेटर घालून आला! सुरतेत, ताई! जिथं पौषातसुद्धा पंखा लागतो तिथं हा माणूस निळा, हातानं विणलेला, बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसला आणि वर दोनदा शिंकला. त्याच्या बायकोनं, नीलानं, खास विणून दिला. मी घरी येऊन सुषमाला म्हटलं, मलाही एक विण. तर ती म्हणाली, तुम्हाला कशाला, तुमचं टेबल बॉयलरजवळ आहे ना. त्यातच डिसेंबरात शेठ बोलून गेले की त्या खोलीला एक कायमचा इन्चार्ज नेमायचा आहे. खोलीत एक फिरती खुर्ची आहे, ती त्या इन्चार्जची. ताई, मी आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे. मला गाडी नको, बंगला नको, मला ती खुर्ची हवी होती. आणि खरं सांगायचं तर, ती सुधाकरला मिळायला नको होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला फार उशिरा कळलं.

आता कॉम्प्युटर एक आणि खाती पाच. तीन माणसं एकदम कामाला बसली की तो इतका मंद होतो की एक आकडा टाकावा, बाहेर जाऊन चहा पिऊन यावं, तेव्हा कुठं तो दुसरा मागतो. म्हणून एका वेळी एकाच खात्यानं बसायचं असं ठरलं. पण कोणी? पहिल्यांदा एसटीतल्यासारखी पद्धत होती, सकाळी येऊन खुर्चीवर रुमाल टाकायचा. एके दिवशी एका खुर्चीवर दोन रुमाल निघाले. खालचा माझा होता, वरचा सुधाकरचा, इस्त्री केलेला. मी जे बोललो ते इथं लिहीत नाही, दाजी वाचतील. आवाज वरपर्यंत गेला आणि वरून जमाईसाहेब खाली आले.

जमाईसाहेब म्हणजे शेठचे जावई. अमेरिकेत शिकून नाताळाच्या सुमारास आले आणि मिलमध्ये बसायला लागले. स्वभावानं गोड, सगळ्यांना अहोजाहो, आणि प्रत्येक गोष्टीचा तक्ता काढायची हौस. त्यांनी आम्हा पाचही हेडना बोलावून विचारलं, बाजारात टोमॅटो कमी आणि गिऱ्हाइकं जास्त असली तर टोमॅटो कोणाला मिळतो? मी म्हटलं, ओळखीच्याला. ते हसले आणि म्हणाले, नाही, ज्याला खरी गरज आहे त्याला, कारण तो जास्त भाव देतो. तसंच कॉम्प्युटरच्या तासांचं करू. दर आठवड्याला प्रत्येक खात्याला सारखी बारा कुपनं. दर शनिवारी चार वाजता कॅन्टीनमध्ये पुढच्या आठवड्याच्या तासांचा लिलाव. सकाळी दहा ते अकराचा तास कोणाचा, दुपारी दोन ते तीनचा कोणाचा, ज्याची बोली मोठी त्याचा. ज्याचं काम निकडीचं तो जास्त कुपनं लावेल, ज्याचं नाही तो स्वस्तातला तास घेईल, आणि भांडण आपोआप मिटेल. ताई, ऐकायला इतकं सरळ वाटलं की मला त्याच क्षणी संशय यायला हवा होता.

कुपनं कशाची करायची हा प्रश्न निघाला. कागदाची केली तर कोणीही छापेल, म्हणून जमाईसाहेबांनी सॅम्पल रूममधून एक कापड शोधून आणलं. डिझाइन नंबर ४४७१, हळदी रंगावर निळी बदकं. ते म्हणाले, हे एकाही व्यापाऱ्यानं उचललं नाही, बाजारात कुठंही नाही, त्यामुळं खोटं कुपन कोणी करूच शकणार नाही. एक अख्खं बदक म्हणजे एक कुपन. सॅम्पल कापायच्या दातेरी कात्रीनं कापलं की झालं! कोणाला काही विचारायचंय का?

ताई, आम्ही पाचही जण आपापल्या चपलांकडं बघत उभे राहिलो. जमाईसाहेब दिवाळीत इथं नव्हते ना. ४४७१ खरंच कोणी उचललं नव्हतं, म्हणूनच तर शेठनं त्याच्या साड्या करून दिवाळीला स्टाफमध्ये माणशी दोन-दोन वाटल्या होत्या. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरी कपाटात अकरा-अकरा मीटर बदकं होती. कोणीतरी बोलायला हवं होतं. मी वाट बघत होतो की सुधाकर बोलेल, तो स्वतःला फार प्रामाणिक समजतो. त्यानं तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात जमाईसाहेबांचा फोन आला. (मघाशी मी रिंग रोडच्या दोन तासांबद्दल काही लिहिलं होतं. त्याचं पुढं बघू.)

पहिला लिलाव तोंडी झाला आणि दहा मिनिटांत मोडला, कारण एकानं तीन म्हटलं की दुसरा नुसत्या रागानं चार म्हणायचा. तेव्हा सुकदेवआप्पांनी तोड काढली. त्यांचे वडील गुरांच्या बाजारात दलाल होते. तिथं भाव कोणी बोलत नाही, उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, मनगट दाबलं की दहा. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही की कोणी किती लावले. जमाईसाहेब तर खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, अमेरिकेत यावर जाड जाड पुस्तकं आहेत, तिथं बंद पाकिटं वापरतात. आप्पा म्हणाले, पाकिटाला पैसे पडतात. तेव्हापासून दर शनिवारी आप्पा खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकून बसायचे, आम्ही एकेक जण जाऊन त्याखाली हात घालायचो, आणि मग आप्पा तोंडावरची माशी न हलवता सांगायचे की तास कोणाचा.

सुधाकरला दहा ते अकराचा तास हवा असणार हे मी ओळखलं होतं. स्वेटरवाल्याला तो शोभतो. मी बारातली नऊ बदकं एका दमात दाबली आणि तास मिळवला. पूर्ण आठवडा! सोमवारी मी घरून मफलर नेला. ताई, ग्रे खात्याचं काम म्हणजे कोऱ्या कापडाचे किती तागे आले एवढं टाकायचं, ते वीस मिनिटांत उरकलं. उरलेली चाळीस मिनिटं मी फिरत्या खुर्चीवर थंडगार बसून काचेतून बाहेरच्यांकडं बघितलं. गुरुवारपर्यंत मला सर्दी झाली. आणि सुधाकर? त्यानं दहा ते अकरासाठी बोटच लावलं नव्हतं! जेवणानंतर सगळ्यांना झोप येते म्हणून दोन ते तीनचा तास कोणालाच नको होता, तो त्यानं एका बदकात घेतला आणि फोल्डिंगची सगळी बिलं काढून मोकळा झाला. वर उरलेल्यांतली चार बदकं त्यानं पगार खात्याला उसनी दिली, कारण त्यांचे पगार काढायचे दिवस होते. सगळे त्याच्याभोवती गोळा होऊन म्हणाले, सुधाकरभाई बहु सारा माणस छे, म्हणजे फार चांगला माणूस. मी तिथंच उभा होतो, मफलर घालून.

मला तेव्हा वाटलं की दोन ते तीनमध्येच काहीतरी गोम आहे. पुढच्या शनिवारी मी दोन ते तीनला दहा बदकं दाबली. सुधाकर सकाळी आठला गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी मी आठला गेलो (त्यासाठी सहाला उठून मिलची बस पकडावी लागायची, सुषमानं विचारलं की तब्येत बरी आहे ना), तर तो संध्याकाळी पाचला. आणि मी एकटाच असा वेडा नव्हतो. बाकीच्या तिघांनीही ठरवलं होतं की सुधाकर जिथं जाईल तिथंच मध आहे. तो ज्या तासाला हात लावेल त्याचा भाव चढायचा आणि तो सोडून गेला की पडायचा. जमाईसाहेब भिंतीवर तक्ते लावून आम्हाला समजावायचे की भाव गरजेनं ठरतो. मला ठाऊक होतं कशानं ठरतो ते. माझी बदकं मात्र पहिल्या बोलीतच संपायला लागली होती.

आता जे लिहितो ते उभ्यानं वाचू नकोस, बस. एका रविवारी सुषमा भाजीला गेली असताना मी तिची ट्रंक उघडली. तिच्या वाट्याची बदकांची साडी तिनं डांबराच्या गोळ्या घालून ठेवली होती. साऱ्या सुरतेत, साऱ्या गुजरातेत, ही साडी मनापासून आवडलेली एकच बाई आहे आणि ती माझी बायको आहे. बदकं किती शहाण्यासारखी रांगेत चालतात, असं ती म्हणायची. चांगल्या प्रसंगाला नेसायची म्हणून तिनं घडीसुद्धा मोडली नव्हती. मी फक्त आतल्या टोकाची वीतभर पट्टी कापली. तो भाग कंबरेत खोचला जातो, कोणाला दिसतोय? एका पट्टीत सहा बदकं निघाली. सॅम्पलची दातेरी कात्री माझ्याच खात्यात असते. घडी होती तशी, पदर वर येईल अशी घालून ठेवून दिली.

पुढच्या रविवारी आणखी दोन पट्ट्या. मग चार. मग मी निऱ्यांपर्यंत पोचलो. मी स्वतःला समजावलं की निऱ्या एवढ्या लागतातच कशाला, उगीच पायात येतात. आणि मी एकटा असतो तर एक वेळ निभावलं असतं, पण आठवड्याला वाटलेली बदकं साठ, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सुकदेवआप्पांच्या घमेल्यात जमली एकशे नव्वद! एक बदकाचा तास पंधराला गेला, पंधराचा चाळीसला. आप्पांचं मनगट सुजलं. पाची जण एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे आणि परत टॉवेलाखाली हात घालायचे. प्रत्येकाच्या घरात एकेक ट्रंक हलकी होत होती. एका सुधाकरचा अपवाद, तो आपली बारा बदकं जपून वापरायचा आणि उरलेली एका पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. मला तेव्हा वाटलं, नीलाच्या भीतीनं.

मग जमाईसाहेबांनी जाहीर केलं की सतरा तारखेच्या शनिवारी खुर्चीचाच लिलाव. ज्याला त्या खोलीची सगळ्यात जास्त किंमत आहे तोच ती नीट सांभाळेल, तेव्हा ज्याची बोली मोठी तो इन्चार्ज. ताई, शुक्रवारी मी साडीचं उरलं सुरलं सगळं कापलं. शेवटी हातात राहिला नुसता पदर. मी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. पदरावर दोन बदकं आहेत, परातीएवढी मोठी, एकमेकांकडं तोंड करून. मी त्यांना हात लावणार नव्हतो. देवाशपथ नव्हतो. शनिवारी सकाळी मिलच्या गेटपाशी सुधाकर भेटला आणि म्हणाला, श्रीरंगभाऊ, खुर्ची तुम्हालाच मिळायला पाहिजे, तुम्ही सीनियर. मला इतका संताप आला की अर्ध्या सुट्टीत मी रिक्षा करून घरी गेलो.

लिलाव झाला. टॉवेलाखाली हात गेले. बाकीचे तिघे पन्नासाच्या आत संपले. मी नव्याण्णव लावले. आप्पांनी सुधाकरचा हात धरला, सोडला, आणि म्हणाले, दोघांचे सारखेच. त्यानं सहा आठवडे वाचवलेली होती, शिवाय पगार खात्यानं आणि बाकीच्यांनी त्याची उसनी फेडताना आनंदानं एकेका बदकावर दोन-दोन जास्त दिली होती. आता बोली टेबलावर, उघडी. सुधाकरनं पेटी उलटी केली आणि म्हणाला, माझ्याकडं एवढीच. मी खिशातून घडी घातलेलं मोठं बदक काढलं, उलगडलं आणि टेबलावर पसरलं. म्हटलं, हे पाचाचं धरा.

सगळं कॅन्टीन टेबलाभोवती गोळा झालं. ताई, सॅम्पलच्या कापडावर फक्त बारकी बदकं असतात. मोठं बदक साडीशिवाय कुठंच नसतं, आणि साडीत पदराशिवाय कुठंच नसतं. हे मला, एकोणीस वर्षं कापडात घालवलेल्या माणसाला, ते टेबलावर पसरेपर्यंत सुचलं नाही. सुकदेवआप्पांनी वाकून बघितलं आणि अगदी हळू, कोणी वारल्यावर बोलतात तसं म्हणाले, “साहेब, हाई ते पदरवरलं बदक शे.” जमाईसाहेबांनी विचारलं, आ शुं छे? कोणाचा पदर? आणि तेव्हा सुधाकर पुढं झाला. म्हणाला, माझ्या खात्यात पदराचं सॅम्पल असतं सर, ते मीच श्रीरंगभाऊंना रंग मिळवायला दिलं होतं, चुकून कुपनांत मिसळलं. इतकं सहज म्हणाला! फोल्डिंगमध्ये पदराचं सॅम्पल कधीच नसतं. ते त्याला ठाऊक, मला ठाऊक, आप्पांना ठाऊक.

जमाईसाहेबांनी ते बदक उचलून पाहिलं, घमेल्याकडं पाहिलं, आमच्या पाचांच्या चपलांकडं पाहिलं. हा माणूस साधा आहे असं मी वर लिहिलं असेल तर खोडून टाक. ते हसले आणि म्हणाले की लिलाव आजपासून बंद, बाजारानं आम्हाला जेवढं शिकवायचं तेवढं शिकवलं. इन्चार्ज सुधाकर. आणि तीन मार्चच्या रविवारी कॉम्प्युटर रूममध्ये सत्यनारायण, सगळ्यांनी सहकुटुंब यायचं, आणि घरातल्या बहेनोंनी दिवाळीची बदकांची साडी नेसून यायचं. फोटो काढायचा आहे. असं म्हणून त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं सावकाश बघितलं.

सोमवारी सुधाकर खुर्चीवर बसला आणि त्यानं पहिलं काम काय केलं असेल? एका कागदावर आठवड्याचं वेळापत्रक लिहून दारावर चिकटवलं. कोणाचं काम किती, कोणाला कधी निकड, त्याला सगळं पाठ होतं. दहा मिनिटांत झालं. दहा ते अकराचा तास त्यानं मला दिला, फुकट, कायमचा. मी तिथं जाऊन बसतो. गार वाटतं. पण ताई, नऊ बदकं देऊन बसलो होतो तेव्हा जी मजा होती ती नाही.

तुला म्हणून लिहितो. मला त्याचा हेवा वाटतो. खुर्चीचा नाही, स्वेटरचाही नाही. त्या दिवशी तो पुढं होऊन जे खोटं बोलला ना, तसं मला सुचलं नसतं आणि सुचलं असतं तरी त्याच्यासाठी मी बोललो नसतो. हे मला कळतं, आणि त्याबद्दलही मला त्याचाच राग येतो.

असो. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, गुडघ्यांना तेल. थोरल्या बहिणीच्या पायांशी सदैव असणारा,

तुझा
श्रीरंग

ता. क. : आता सुकदेवआप्पांचा चहा पिऊन झाला असेल. ताई, भाऊबीजेची ती साडी त्यांच्याजवळ दे. मिलनं दोन दिल्या होत्या, एक सुषमाला आणि दुसरी तुला. रिंग रोड, दोन तास, ते सगळं खोटं होतं. भाऊबीजेला दिलेलं परत मागणारा भाऊ तू पाहिला नसशील, आता बघ. सुषमाला यातलं काही माहीत नाही. शेठच्या घरचं बोलावणं आलं म्हणून ती परवापासून खुशीत आहे, चांगला प्रसंग आला म्हणते. दोन तारखेला संध्याकाळी ती इस्त्रीसाठी ट्रंक उघडणार आहे. आप्पा सोमवारी परत येतात. माझ्याजवळ एक पदर, एकाच बदकाचा, आणि डांबराच्या गोळ्या आहेत.

ता. क. २ : विकत आण म्हणशील. चौटा बाजार, रिंग रोड, सगळं पालथं घातलं, या वेळी खरोखर. ४४७१ कुठंच नाही. बाकीचे तिघे हेड माझ्या आधी फिरून गेले होते. एका दुकानदाराकडं मिलच्याच कोणीतरी दिवाळीनंतर विकलेली एक साडी होती, ती त्यानं तिप्पट भावानं विकली आणि मला म्हणाला की अचानक या डिझाइनला एवढी मागणी कशी आली, आणखी पाचशे छापायला सांगू का? जमाईसाहेबांना हे कळलं तर ते तक्ता काढतील.

ता. क. ३ : तू ती नेसली असलीस तर धुऊन दे. मोलकरणीला दिली असलीस तर तिच्याकडून माग. गोधडीत शिवली असलीस तर उसव.

ता. क. ४ : हे लिहायचं नव्हतं. काल माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. सुधाकरच्या वाट्याची साडी, अख्खी, वर चिठ्ठी : वहिनींसाठी, नीलाकडं दुसरी आहे. म्हणजे तुझी नाही आली तरी माझं भागेल. पण मी ती वापरणार नाही ताई, काही झालं तरी नाही, म्हणून तू पाठवच. पुडकं ड्रॉवरमध्ये ठेवलंय, परत दिलेलं नाही. उघडून पाहिलं फक्त. एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच रंगात छापलेला लॉट, मी स्वतः रजिस्टर काढून बघितलं. तरी त्याची बदकं आपल्यापेक्षा जास्त निळी आहेत.